ग्रीक हॉप्लाइट रंगवताना: लाल किती, पांढरा किती आणि ढालीवर काय?

कुंचलेवाला

नमस्कार मंडळी. प्राचीन ग्रीक सैनिकांचे छोटे पुतळे (मिनिएचर) रंगवायचे तर रंग कशावरून ठरवायचे, असं मागच्या धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं. तिथे फार अवांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवातीलाच वाद ओढवून घेतो. पेटीवरच्या चित्रात सगळे एकजात लाल अंगरख्यात आणि सगळ्यांच्या ढालीवर एकच खूण असते. बहुतेक ग्रीक शहरांत इ.स.पू. पाचव्या शतकात असा गणवेश नव्हताच. हॉप्लाइट म्हणजे पदरच्या पैशाने ढाल-भाला घेऊन रांगेत उभा राहणारा नागरिक. कोणी बऱ्यापैकी शेतकरी, कोणी कारागीर, कोणी गर्भश्रीमंत. घरात जे होतं ते घालून तो लढायला आला. त्यामुळे रंगाची बाटली उघडण्याआधी शहर आणि साल ठरवा. "ग्रीक" एवढंच ठरवून बसलात तर हाती पेटीवरचं चित्रच लागणार.

अपवाद स्पार्टाचा. झेनोफन हा ग्रीक इतिहासकार, स्पार्टाच्या लोकांत वावरलेला माणूस. तो लिहितो, की स्पार्टन योद्ध्याला लाल वस्त्र आणि कांस्याची ढाल नेमून दिलेली होती. लाल का, तर तो रंग बायकी वाटत नाही आणि लढाईला शोभतो. कांस्य का, तर ते लवकर चकाकतं आणि उशिरा मळतं. हे दुसरं कारण मला फार आवडतं, कारण ते सरळसरळ रंगकामाची सूचना आहे. स्पार्टन ढाल मळकट, हिरवट रंगवू नका. ती घासलेली असणार.

दुसरा पक्का आधार इ.स.पू. ४०१ चा. इराणी राजपुत्र धाकट्या सायरसच्या पदरी असलेल्या ग्रीक भाडोत्री सैन्याने किलिकियाच्या राणीसमोर संचलन केलं, ते झेनोफनने स्वतः पाहिलं. सगळ्यांची कांस्याची शिरस्त्राणं, लाल अंगरखे, नडगीपट्ट्या आणि खोळ काढलेल्या ढाली. म्हणजे "दहा हजार" (या सैन्याचं रूढ नाव) रंगवणाऱ्यांनी बिनधास्त लाल मारावा, कोणी बोट दाखवणार नाही. पण तोच न्याय मॅरेथॉनच्या लढाईतल्या अथेनियन लोकांना लावू नका.

मिनी_मावळा

वाचनखूण साठवली. माझी थर्मोपिलीच्या लढाईतली स्पार्टन तुकडी अर्धी झाली आहे, सगळ्यांच्या ढालीवर लॅम्डाचे (Λ, स्पार्टाच्या 'लाकेडेमोन' या नावाचं आद्याक्षर) डिकल, म्हणजे चिकटवायची चित्रं, लावलेत. आता हे वाचून धडकी भरली.

तळटीप

@मिनी_मावळा, भरू दे. लॅम्डाचा आधार इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. युपोलिस नावाचा विनोदी नाटककार होता, ॲरिस्टोफेनिसच्या काळातला. त्याच्या एका तुटक ओळीत चमकणारे लॅम्डा बघून कोणीतरी हबकतो. म्हणजे पेलोपोनेशियन युद्धाचा काळ. थर्मोपिली इ.स.पू. ४८० ची, दोन पिढ्या आधीची. तेव्हा लॅम्डा होता असं सांगणारं काहीही हातात नाही.

अक्षरं वापरात आल्यावर मात्र धमाल होते. इ.स.पू. ३९२ मध्ये कॉरिंथजवळच्या लढाईत पासिमाखस नावाच्या स्पार्टन सरदाराने घोडे झाडांना बांधले, पळणाऱ्या सिक्यॉनच्या लोकांच्या ढाली उचलल्या आणि तो आर्गोसच्या सैन्यावर चालून गेला. ढालींवर सिग्मा, म्हणजे सिक्यॉनचं ग्रीक आद्याक्षर. आर्गोसवाले निर्धास्त, त्यांना वाटलं सिक्यॉनचेच आहेत. त्यावर हा म्हणतो, "जुळ्या देवांची शपथ, आर्गोसवाल्यांनो, हे सिग्मा तुम्हाला फसवणार!" आणि त्याच लढाईत मेला. ही तुकडी कोणी रंगवत का नाही, मला कळत नाही. स्पार्टाचे लाल अंगरखे आणि परक्यांच्या सिग्माच्या ढाली!

इ.स.पू. ३६२ च्या मॅन्टिनियाच्या लढाईआधी तर आर्केडियाच्या हॉप्लाइटांनी आपल्या ढालींवर गदा रंगवून घेतल्या, जणू आपणही थीब्सचेच. म्हणजे तोवर थीब्सची खूण गदा ही ठरून गेली होती. मॅन्टिनियाच्या लोकांच्या ढालीवर त्रिशूळ असल्याचा उल्लेख कवी बॅकिलिडीसकडे सापडतो.

मिनी_मावळा

मग थर्मोपिलीसाठी काय लावू? नुसतं कांस्य ठेवू?

तळटीप

नुसतं कांस्य चालेल, व्यक्तिगत चिन्हंही चालतील. एका स्पार्टन माणसाने ढालीवर खऱ्या माशीएवढीच माशी काढली होती असा किस्सा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क देतो. लोक हसले, की तुला लपायचंय वाटतं. तो म्हणाला, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती माशी मोठी दिसते. २८ मिमीच्या ढालीवर प्रमाणात माशी काढून दाखव, मानलं तुला.

खडूस_रंगारी

म्हणजे थोडक्यात काय, स्पार्टा सोडून बाकीच्यांना मळखाऊ तपकिरी मारायचं? गरीब शेतकरी, घरची लोकर, झालं. हे "प्रामाणिक" रंगकाम करणाऱ्यांचे सैन्य टेबलावर ठेवलं की चिखलाचा गोळा दिसतो. मला नाही पटत.

रेशीमधागा

@खडूस_रंगारी, नका पटवून घेऊ, कारण ते खरंही नाही. मी मिनिएचर रंगवत नाही, नैसर्गिक रंगाई करते, नवरा मिनिएचरवाला. त्यामुळे कपड्यांपुरतं बोलते.

लोकर रंग छान धरते. मंजिष्ठेच्या कुळातली एक वेल भूमध्य समुद्राभोवती वापरात होती, तिच्या मुळांपासून तुरटीच्या पाण्यात लाल निघतो. तो सिनेमातला भडक रक्तलाल नव्हे. वीटकरीकडून नारिंगीकडे झुकणारा, आणि त्याच भांड्यात दुसरा-तिसरा घाणा काढला की सामन माशाचा रंग, पीच, फिकट गुलाबी. एकाच मुळापासून स्वस्त आणि महाग दोन्ही लाल. तुमच्या तुकडीत पाच जण लाल असतील तर ते पाच वेगळे लाल असायला हवेत. याहून गडद, किरमिजी लाल हवा तर ओकच्या झाडावरच्या किड्यांचा रंग, तो महाग. आणि जांभळ्याचा राजा म्हणजे समुद्री गोगलगायीचा रंग. तो परवडणारा माणूस रांगेत शेवटी उभा राहत नाही. स्वस्तातला जांभळा दगडफुलासारख्या शैवाकांपासूनही करत, म्हणून फिकट, विटका जांभळा एखाद्याला द्यायला हरकत नाही.

निळ्यासाठी वोड नावाची वनस्पती होती, आपल्या नीळीसारखाच रंग देणारी, पण बरीच कमी ताकदीची. म्हणून मळकट आकाशी ते करडा निळा धरा. पिवळ्यासाठी वेल्ड. शिवाय मेंढ्याच मुळात पांढऱ्या, करड्या, तपकिरी, काळ्या असतात, म्हणजे न रंगवता चार रंग मिळाले. सुती कापड डोक्यातून काढून टाका. तिथे लोकर आणि जवसाचं लिनन. लिनन रंग नीट घेत नाही, त्यामुळे लिननचे अंगरखे पांढरट-मळकट आणि काठ रंगीत असं केलंत तर ते पटण्यासारखं आहे.

हिरवा मात्र जपून. पिवळ्यावर निळा असे दोन घाणे लागतात. एखाद-दुसरा असू दे, पलटण नको.

कुंचलेवाला

@रेशीमधागा, हा प्रतिसाद मूळ धाग्यातच चिकटवायला हवा. "पाच वेगळे लाल" ही यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे.

@खडूस_रंगारी, अथेनियन लोकांना भडक लाल चालत होता, फक्त तो कोणाला शोभायचा ते बघा. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२१ च्या नाटकात एक पथकप्रमुख येतो. डोक्यावर तीन तुरे, अंगावर झगझगीत लाल क्लोक, आणि हा सांगत सुटतो की माझा रंग अस्सल सार्डिसचा आहे. पुढे नाटककार म्हणतो, की लढायची वेळ आली की हा स्वतःच सिझिकसच्या रंगात रंगतो. म्हणजे काय होतं ते सुज्ञांस सांगणे न लगे, पिवळं असतं एवढं सांगतो. तेव्हा अथेनियन तुकडीत एकच भडक लाल क्लोक, तोही अधिकाऱ्याचा, आणि बाकी मंडळी संमिश्र. असं केलंत की टेबलावर चिखलाचा गोळाही दिसत नाही आणि डोळा आपोआप अधिकाऱ्यावर जातो.

खडूस_रंगारी

सिझिकसचा रंग! ठीक आहे, एवढ्यासाठी तरी अथेनियन करतो. वॉश (खोबणीत उतरणारा पातळ रंग) कुठे मारायचा ते कळलं.

बारका_ब्रश

😂

कांस्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. संग्रहालयात शिरस्त्राणं हिरवी दिसतात, कारण ती जमिनीत अडीच हजार वर्षं पडून होती. वापरातलं कांस्य सोनेरी. घरात काशाची वाटी असेल तर ती चिंचेने घासा, खिडकीत ठेवा आणि समोर बसून रंग जुळवा. बाजारातल्या "ब्रॉन्झ" नावाच्या बाटलीत बहुतेक वेळा चॉकलेटी धातू असतो, त्याच्या नावावर जाऊ नका.

माझी पद्धत: गडद तपकिरीवर ब्रास आणि सोनेरी निम्मे-निम्मे, त्यावर पातळ सेपिया वॉश, तो फक्त खोबणीत. वाळल्यावर कडांना पुन्हा सोनेरी, आणि शिरस्त्राणाच्या कपाळावर, नाकपट्टीच्या टोकावर अगदी टिंब एवढं सोनेरी-अधिक-चंदेरी. कॉरिंथियन शिरस्त्राण असेल तर डोळ्यांच्या छिद्रांभोवती ओळ काढायचा मोह आवरा. आतल्या सावलीत काळपट तपकिरी भरलं की ओळ आपोआप उठते.

तळटीप

छोटी दुरुस्ती. काशाच्या वाटीत कथिल साधारण वीस-बावीस टक्के असतं, म्हणून ती फिकट पिवळी दिसते. ग्रीक कांस्यात ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाटीपेक्षा किंचित तांबूस, उबदार सोनेरी. तुमच्या मिश्रणात तांब्याचा एक थेंब घाला.

बारका_ब्रश

घातला. हातातल्याच तुकडीवर करून बघतोय. फरक दिसतो हो, पण हात लांब करून धरलं की नाही दिसत. टेबलावर तीन फुटांवरून कोण तांबूस मोजतंय.

कुंचलेवाला

तीन फुटांचा मुद्दा ढालीच्या बाबतीत उलटा लागू होतो. तीन फुटांवरून दिसते ती फक्त ढाल. ती जवळपास ९० सेंटिमीटर व्यासाची, लाकडी, खोलगट. काहींवर पुढून पूर्ण कांस्याचा पत्रा, काहींवर नुसती कड. पूर्ण पत्र्याची ढाल असेल तर सोनेरी जमिनीवर चिन्ह. पत्रा नसेल तर जमीन रंगवलेली.

पत्र्याच्या ढालीचा खरा नमुना बघायचा तर अथेन्सच्या अगोऱ्यात (जुन्या बाजारचौकात) १९३६ साली मिळालेली स्पार्टन ढाल बघा. इ.स.पू. ४२५ मध्ये पायलोसला जिंकून आणलेली. "अथेनियन लोकांनी लाकेडेमोनियन लोकांकडून, पायलोसहून" असं तिच्या पत्र्यावरच ठोकून लिहिलंय. अशाच ढाली पुढे सहाशे वर्षांनी प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पौसानियसने अथेन्समध्ये टांगलेल्या पाहिल्या, तेव्हा गंजू नयेत म्हणून त्यांना डांबर फासलेलं होतं. कोणाला विजयचिन्हाचा देखावा करायचा असेल तर काळ्या डांबरी ढाली ही कल्पना फुकट घ्या.

आणि ढालीला खोळ असायची. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात लामाखस सेनापतीच्या ढालीवरची गॉर्गन राक्षसी "खोळीतून जागी" होते. कूच करणारी तुकडी करताय तर चार-पाच ढाली कातडी खोळीत गुंडाळून टाका, तेवढी चिन्हं काढायची वाचली. आळशी माणसाचा ऐतिहासिक आधार!

पेन्शनर_पेंटर

छान चर्चा. आमच्या वेळी सगळे ग्रीक पांढरेच समजायचे, कारण पुतळे पांढरे. आता ऐकतो की पुतळेही रंगीत होते. मग पुतळ्यांवरचे रंग सैनिकांना का लावू नयेत? तो तर प्रत्यक्ष पुरावा.

इस्तंबूलकर

काका, मी नोकरीनिमित्त इथे आहे, त्यामुळे यावर बोलायचा हक्क सांगतो. इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात सायडनहून १८८७ साली उस्मान हमदी बेंनी काढलेली "अलेक्झांडरची" शवपेटी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकाचा शेवट. ती अलेक्झांडरची नव्हे, नाव तेवढं चिकटलंय. तिच्यावर रंग अजून डोळ्यांना दिसतात. इराणी घोडेस्वारांच्या अंगावर पिवळा, जांभळा, लाल, निळा. एका ढालीच्या आतल्या बाजूला इराणी राजदरबाराचं चित्र रंगवलेलं आहे. ढालीच्या आत! तेव्हा आतली बाजू नुसती तपकिरी मारून सोडणाऱ्यांनी विचार करावा.

काच आडवी येते आणि दिवे मंद आहेत. पण शांतपणे उभं राहिलं की दगडाच्या घड्यांच्या खोलात लाल साचलेला दिसतो. आपण वॉश मारतो तिथेच. फक्त त्यांनी सावलीसाठी मारला नव्हता, तिथे तो झिजला नाही म्हणून उरला.

तळटीप

काकांचा प्रश्न चांगला आहे. उत्तर "हो, पण" असं. एजिनाच्या अफायाच्या मंदिराचे पुतळे म्युनिकला आहेत. त्यातल्या धनुर्धराच्या अंगातल्या विजारीवर रंगीत चौकटींची नक्षी होती, हे ब्रिंकमन दांपत्याने अतिनील आणि तिरप्या प्रकाशात तपासून दाखवलं. २००३ पासून त्यांच्या रंगवलेल्या प्रतिकृती जगभर फिरल्या. पण तो धनुर्धर पूर्वेकडच्या, सिथियन धाटणीच्या वेशात आहे. ती नक्षी उचलून हॉप्लाइटला नेसवली की घोटाळा.

दुसरं, पुतळ्यावर रंग खनिजाचा असतो आणि कापडावर वनस्पतीचा. दगडावरचा तो झणझणीत निळा म्हणजे इजिप्शियन ब्लू, वाळू, तांबं आणि चुनखडी भट्टीत भाजून केलेला. आजही दगडावर डोळ्यांना न दिसणारे त्याचे कण विशिष्ट प्रकाशात अवरक्त कॅमेऱ्यात चमकतात. तो ढालीवर, लाकडावर चालेल. तोच निळा अंगरख्याला मारला तर रेशीमधागा ताई रागावतील.

रेशीमधागा

रागावणार नाही, फक्त हसेन. 🙂

मिनी_मावळा

छातीकवचाचं काय? ते पांढरं लिननचं गोंद लावलेलं की चामड्याचं? सगळीकडे मारामारी चालू असते.

तळटीप

ती मारामारी इथे नको, धागा बुडेल. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेत ग्रेगरी आल्ड्रेट यांनी लिननचे थर चिकटवून कवच बनवलं आणि त्यावर बाण मारून पाहिले. ते टिकलं. पण टिकतं म्हणजे ग्रीक लोक तसंच करत होते, असं सिद्ध होत नाही. चामड्याच्या बाजूनेही भक्कम मुद्दे आहेत.

रंगाच्या दृष्टीने मात्र दोन्ही पक्ष जवळ येतात. तुरटीने कमावलेलं कातडंही पांढरंच असतं. तेव्हा फिकट हस्तिदंती कवच, आणि काठांना, खांद्यांच्या पट्ट्यांना लाल किंवा निळी नक्षी. पाँपेईच्या मोझेकमधला अलेक्झांडरही असंच फिकट कवच घालून दिसतो.

बारका_ब्रश

आणि शुद्ध पांढरा नको. एवढ्याशा पुतळ्यावर शुद्ध पांढरा कागदासारखा दिसतो. हस्तिदंतीपासून सुरुवात, घड्यांत खाकी-करडा, टोकांना पांढरा. लालही पांढरा मिसळून उजळू नका, गुलाबी होतो. नारिंगी मिसळा, किंवा त्वचेचा रंग. मुंबई-कोकणवाल्यांनो, पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारू नका. हवेतला दमटपणा बसून पृष्ठभाग खडबडीत, पिठूळ होतो आणि मग बारीक नक्षीचं वाटोळं. जुलैत ब्रशने प्रायमर लावा.

खडूस_रंगारी

त्वचेचं काय? माझे ग्रीक गुलाबी युरोपियन पर्यटकांसारखे झालेत.

कुंचलेवाला

मग त्यांना ऊन दाखवा. स्पार्टाच्या राजाने, एजेसिलेअसने, एफेससला इराणी कैदी विक्रीला उघडे उभे केले, तेव्हा त्यांची गोरी, मऊ अंगं बघून ग्रीक सैनिकांना वाटलं, यांच्याशी लढणं म्हणजे बायकांशी लढणं. झेनोफनचंच. म्हणजे ग्रीक स्वतः उघड्यावर कसरत करून रापलेले होते. गव्हाळ-तांबूस धरा, त्यावर तपकिरी वॉश. जाहिरातीत "फ्लेश" म्हणून येतो तो रंग फक्त नाकाच्या शेंड्यावर.

पेन्शनर_पेंटर

मॅसिडोनियाबद्दलही थोडं येऊ द्या. नातू अलेक्झांडरवर अडून बसलाय.

तळटीप

काका, तिथे गणवेशाची भाषा खरी सुरू होते आणि पुरावाही रंगीत आहे. थेसालोनिकीजवळच्या आगिओस अथानासिओसच्या कबरीत १९९४ साली रंगीत चित्रपट्टी मिळाली. मेजवानी, आणि कडेला ढाली-भाले घेतलेले सैनिक, ढालींवर वेगवेगळी चिन्हं. लांब क्लोक, चपटी टोपी. नातवाला ती छायाचित्रं दाखवा, पुस्तकातल्या रेखाचित्रांपेक्षा कितीतरी बरं.

उतरत्या काळातलं हवं असेल तर पिडनाची लढाई, इ.स.पू. १६८. प्लुटार्क मॅसिडोनियाचा राजा पर्सियसच्या सैन्याचं वर्णन रंगांनीच करतो. आधी धिप्पाड थ्रेशियन, काळे अंगरखे आणि चकचकीत पांढऱ्या ढाली. मग भाडोत्री, नाना तऱ्हांचे. मग निवडक मॅसिडोनियन, सोनेरी चिलखतं आणि नवेकोरे लाल अंगरखे. त्यांच्यामागून छावणीतून बाहेर पडणाऱ्या "कांस्यढाली" नावाच्या तुकड्या, ज्यांच्या झळाळीने मैदान भरून गेलं. एका परिच्छेदात चार तुकड्यांची रंगयोजना तयार!

मिनी_मावळा

ठरलं. थर्मोपिलीचे लॅम्डा काढून टाकतो, डिकल सॉफ्टनर आहेच. आणि नवीन एक छोटी तुकडी करायची आहे, कोणी करत नाही अशी. सुचवा काहीतरी. पांढऱ्या ढाली आवडल्या, पण थ्रेशियन नकोत.

कुंचलेवाला

पायरियस, इ.स.पू. ४०३. अथेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या तीस जुलमींच्या विरोधात थ्रासिब्युलसबरोबर उभे राहिलेले अथेनियन. हत्यारं कमी, म्हणून त्यांनी ढाली स्वतः बनवल्या, काही लाकडाच्या, काही विणलेल्या वेताच्या, आणि त्या पांढऱ्या रंगवल्या. झेनोफनने नोंदवून ठेवलंय. अंगरखे सगळे वेगवेगळे, चिलखत क्वचित, डोक्याला जे मिळेल ते. एकसारखी असेल ती फक्त ती घाईने फासलेली पांढरी.

नाहीतर फोकिसचे सहाशे आहेतच. रात्री अंगाला आणि शस्त्रांना जिप्सम फासून थेसालियन छावणीत घुसलेले, जो पांढरा नाही त्याला मारा एवढाच हुकूम. पण ती तुकडी प्रायमर मारूनच संपते, रंगवायला उरतं काय?

खडूस_रंगारी

फोकिसवाले माझे. आजच झाले.

मिनी_मावळा

😀 मी पायरियस घेतो. वेताची वीण कशी दाखवू? पुतळ्यावर ढाल गुळगुळीत आहे.

बारका_ब्रश

ग्रीन स्टफ या पुट्टीचा पातळ थर दे आणि ओला असतानाच बारीक जाळीचं कापड दाबून उचल. वाळलं की आधी पूर्ण तपकिरी, मग हस्तिदंती रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरच्यावर. खोबणीत तपकिरी राहिला पाहिजे, आणि कडेला एक-दोन जागी रंग पोचलेलाच नाही असं सोड. लाकडी ढालींना उलट कर, पातळ पांढरा दोन हातांत, म्हणजे खालच्या फळ्यांच्या रेषा दिसतील. दोन्ही प्रकार रांगेत मिसळून लाव, आणि झाले की फोटो इथेच टाक.